धास्तीचा आकडा

त्या वर्षी आमचा बडग्या तयार होता, पण त्याला तोंड कोणाचं लावायचं ते ठरत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत, लोकांना ज्याचा राग असेल त्याचे पुतळेही निघतात. त्यांना आम्ही बडगे म्हणतो. कोणी महागाईचा बडग्या काढतो, कोणी पाणीपट्टीचा. आम्ही देवपुजारी कॉलेजचे समर्थक दरवर्षी मुक्कावार कॉलेजच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाचा काढायचो. दोन्ही कॉलेजांच्या मुलींच्या संघांचं वैर जुनं आहे, आणि मिरवणुकीनंतरच्या रविवारी त्यांचा सामना असतो. त्या दिवशी अर्धं शहर पिवळं असतं, अर्धं जांभळं. आम्ही पिवळे.

पण मुक्कावारच्या प्रशिक्षकाला उन्हाळ्यातच नारळ मिळाला होता. तो कोणाच्या तरी वशिल्यानं लागला होता आणि ओळीनं हरला होता. नवा अजून नेमला नव्हता. त्यामुळे दिगंबर बोम्मेवारच्या बॅटरीच्या दुकानामागं, जिथं आमचं मंडळ संध्याकाळी जमायचं, तिथं बांबूचं एक धड जांभळं जाकीट घालून उभं होतं.

"बिनमुंडक्याचा बडग्या चांगला दिसत नाही," प्रमिलाताई ढवळे म्हणाल्या. त्या एके काळी देवपुजारीच्या संघात होत्या, पुढं वीज मंडळात लागल्या. सत्तरी उलटली तरी दारातून आत येताना त्यांना वाकावं लागायचं.

"तुमचंच लावू का ताई?" बोम्मेवार म्हणाला.

"लाव. पण चष्मा काढून घे आधी, नवा आहे."

मी कोपऱ्यात बसलो होतो. माझं आयुष्य देवपुजारीच्या ग्रंथालयात गेलं. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण बोलणाऱ्यांच्या शेजारी बसायला आवडतं. मंडळातले लोक मला उमाठे सर म्हणायचे आणि काही विचारायचे नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

तेवढ्यात बोम्मेवारनं फोनवरून मान वर केली. "ऐका बे. मुक्कावारवाले कोच निवडून राहिले. आणि निवडणार कोण, सांगा."

"कोण?"

"आपण."

त्यानं वाचून दाखवलं. सामन्याच्या मध्यंतरात तीन उमेदवारांची नावं एकेक करून मोठ्या फलकावर येणार होती. त्या वेळी सगळे कॅमेरे आमच्या, म्हणजे पिवळ्या बाजूच्या प्रेक्षकांवर रोखलेले असणार होते. ज्या नावानं आम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती वाटेल, तो माणूस मुक्कावारचा प्रशिक्षक.

"हे कसं कळणार त्यांना?" कोणीतरी विचारलं. "माझ्या मनातलं माझ्या बायकोला कळत नाही."

"नावं कोणती ते तर सांग," प्रमिलाताई म्हणाल्या.

"एक, कर्नल थापलियाल. रिटायर. मिलिट्रीच्या संघाचा कोच होता. दोन, मंगेश आकरे." इथं सगळे हसले. मंगेश आकरे मुक्कावारच्या एका विश्वस्ताचा भाचा होता, आणि टाइमआउट कधी घ्यायचा हे त्याला प्रेक्षकांतून सांगावं लागतं असं म्हणत. "आणि तीन," बोम्मेवार म्हणाला आणि थांबला. मग माझ्याकडं बघत त्यानं नाव वाचलं. "गार्गी उमाठे."

गार्गी माझी मुलगी.

*

धास्ती मोजणारं हे यंत्र मला मंडळातल्या इतरांपेक्षा थोडं अधिक कळत होतं, कारण त्याबद्दल मी आधी वाचलं होतं. त्यात जादू काही नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका चेहऱ्याकडं थोडं रक्त ढकलतो आणि त्या क्षणापुरता चेहरा किंचित गडद होतो. हा फरक इतका बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो, कारण रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि तेवढा प्रकाश कॅमेऱ्याकडं कमी परततो. त्यावरून दूर बसलेल्या माणसाची नाडी मोजता येते.

नुसती नाडी आनंदानंही वाढते. म्हणून दुसरा कॅमेरा उष्णता बघतो. घाबरलेलं शरीर कातडीतलं रक्त आत ओढून घेतं आणि नाकाचा शेंडा थोडा गार पडतो. आनंदात सहसा असं होत नाही. दोन्ही खुणा एकत्र आल्या की ती धास्ती.

एका माणसाच्या बाबतीत हे फसू शकतं. तो जिना चढून आलेला असेल, त्याला ताप असेल. पण तीन हजार चेहरे एकदम मोजले की असे योगायोग एकमेकांना खोडून टाकतात आणि त्या क्षणी सगळ्यांना मिळून जे वाटलं तेवढंच उरतं. ते शंभरापैकी एका आकड्यात सांगतात. यंत्र मुळात दवाखान्यांतल्या गर्दीसाठी केलेलं होतं, बाहेर बसलेल्यांपैकी कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवायला.

मुक्कावारच्या अध्यक्षा डॉ. वृंदा मुक्कावार यांनी मुलाखतीत सांगितलं होतं, "तज्ज्ञांना विचारलं तर ते आपल्या शिष्यांची नावं सुचवतात. आमच्या समर्थकांना विचारलं तर त्यांना उंच आणि ओरडणारा माणूस हवा असतो. कोण चांगला आहे ते फक्त त्यालाच ठाऊक असतं, ज्याला उद्या आमच्याशी खेळायचं आहे."

मला हे पटलं होतं. मंडळात मी तसं बोललो नाही.

*

गार्गीचा फोन त्याच आठवड्यात आला. ती चंद्रपूरजवळच्या एका निवासी क्रीडाशाळेत प्रशिक्षक होती. खाणकामगारांच्या मुलींची शाळा. एरवी फोनवर आमचं बोलणं ठरलेलं असे. बरे आहात ना, हो, आईला द्या. त्या दिवशी तिनं आईला मागितलं नाही.

"बाबा, तुमच्या लोकांना माझी भीती वाटते का हो?"

दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेच्या मुलींनी एका मैत्रीच्या सामन्यात देवपुजारीला हरवलं होतं. शाळेच्या मुलींनी, कॉलेजला.

"त्या सामन्यानंतर बोम्मेवारला जेवण जात नव्हतं म्हणे," मी सांगितलं.

"बोम्मेवारला? त्या माणसाला जेवण जात नव्हतं?" ती हसली. मग तिचा आवाज उतरला. "खाण बंद झाली, आता शाळाही बंद होणार. मार्चपर्यंत आहे. आखातात, दोह्याच्या एका शाळेनं बोलावलंय, पी.टी. शिकवायला. पी.टी. म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. रांगेत उभं करायचं, हात वर, हात खाली. संघ नाही, सामना नाही. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. एकदा तिकडे गेले की मला कोच म्हणून परत कोणी बोलवणार नाही. मुक्कावारचं झालं तरच मी इकडे राहते."

जाऊ नकोस, असं मला म्हणायचं होतं.

"तिकडच्या शाळा चांगल्या असतात," मी म्हणालो.

"असतील." मग ती म्हणाली, "आणि बाबा, कोणाकडे शब्द टाकू नका. नातेवाईक कमिटीला भेटला तर अर्ज बाद, असं जाहिरातीतच आहे. मागच्या कोचच्या वेळी त्यांचे हात पोळलेत."

"मी आजवर कोणाकडे शब्द टाकलाय?"

"ते खरंय," ती म्हणाली. त्या दोन शब्दांत नुसता सुटकेचा निःश्वास नव्हता, तक्रारही होती, असं मला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

*

बोम्मेवारनं तसलाच एक छोटा कॅमेरा आणला. बाजारात आता त्याच्या स्वस्त नकला मिळतात. मंडळातले सगळे बाकांवर बसले आणि त्यानं तीन नावं उच्चारली. मंगेश आकरेला आकडा जवळजवळ शून्य आला, कारण लोक हसत होते. कर्नलला चाळीसच्या आसपास. गार्गीचं नाव घेतलं तेव्हा आकडा सत्त्याहत्तरवर गेला.

"घ्या," बोम्मेवार म्हणाला. "खरा धोका तर आपल्या घरातच निघाला. सर, राग मानू नका."

"नाही, नाही," मी म्हणालो आणि चहाचा कप तोंडाशी धरला. मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसेल याची भीती वाटली.

मग ठरलं की यंत्राला फसवायचं. नुसता शांत चेहरा ठेवून भागणार नव्हतं, नाडीच शांत हवी होती. उपाय प्रमिलाताईंनी सांगितला. "आमच्या खात्यात नवा पोरगा लागला की त्याले खांबाची भीती वाटे. त्याले रोज चढवायचा. महिन्याभरानं तो वरतीच बसून डबा खाई. गार्गीचं नाव रोज ऐका. कंटाळा येईपर्यंत ऐका."

"आणि मंगेश?"

"मंगेश म्हटलं की ज्याने त्याने आपल्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट आठवायची."

"नुसतं नाव किती येळ ऐकणार, ताई?" बोम्मेवार म्हणाला. "सर बोलतील ना. रोज संध्याकाळी थोडं थोडं. काय सर?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला नाही म्हणता आलं असतं. पण माझ्या मनात वेगळाच हिशेब आला. गार्गी खरोखर काय आहे हे या लोकांना कळलं, तर ते आणखी घाबरतील. ते घाबरले तर ती नागपूरला येईल. मी हो म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी मी तो चंद्रपूरचा सामना सांगितला. मध्यंतरात तिच्या मुली मागे होत्या, तरी ती त्यांना एक शब्द बोलली नाही. जमिनीवर खडूनं फक्त आपल्या पाच जणींच्या जागा काढल्या, मग पुसल्या, मग दुसऱ्या काढल्या. उत्तरार्धात देवपुजारीच्या मुली जिथं जात तिथं आधीच कोणीतरी उभी असे. मी थांबलो तेव्हा आकडा चौऱ्याऐंशी होता.

बोम्मेवारनं रुमालानं मान पुसली. "सर, खेळाचं नका सांगू बाप्पा. घरचं सांगा. लहानपणचं."

दुसऱ्या दिवसापासून मी घरचं सांगू लागलो.

ती दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या बोळात चेंडू आपटायची आणि वाचक तक्रार करायचे. मी तिला ओरडायला म्हणून खिडकीशी जायचो आणि तिथंच उभा राहायचो. ती पुस्तकं विषयवार न लावता उंचीनुसार लावायची, म्हणायची, उंच पोरी मागं. पत्त्यांत ती उघड फसवायची आणि पकडलं की म्हणायची, तुमचं लक्ष कुठं होतं? आणि तिला पालीची भीती वाटायची. अजून वाटते. चंद्रपूरच्या खोलीत पाल निघाली तर ती रात्रभर व्हरांड्यात बसते आणि मुलींना सांगते की डावपेच आखत होते.

पालीला लोक खूप हसले. प्रमिलाताईंनी डोळे पुसले. आकडा साठच्या खाली गेला होता. मी तो पाहिला.

उद्या थांबायचं, असं मी रोज घरी येताना ठरवायचो. पण दुसऱ्या संध्याकाळी बाक भरलेले असत आणि कोणीतरी म्हणे, सर, काल ते सायकलचं अर्धं राहिलं. जन्मभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं लोकांच्या हातात दिलं होतं. माझं स्वतःचं कोणी काही मागितलं नव्हतं.

"आजकाल भांग पाडून जाता," नलिनी म्हणाली. नलिनी माझी बायको.

"वारा असतो."

"दुकानामागं?"

मधूनमधून मी गार्गीला भयंकर करण्याचा प्रयत्न करायचो. एकदा सांगितलं की हरलेला सामना ती मुलींना दहा दहा वेळा बघायला लावते, रडल्या तरी. पूर्वी हे ऐकून त्यांना घाम फुटला असता. आता बोम्मेवार मांडीवर थाप मारून म्हणाला, "पोरगी कोणाची आहे शेवटी." आकडा हलला नाही. याला शास्त्रीय कारण आहे. एखादी गोष्ट वारंवार समोर आली आणि तिनं काही इजा केली नाही, तर मेंदू तिची दखल घेणं सोडतो. आणि तिच्याबरोबर हसू आलं असेल, तर ती गोष्ट तो आपल्या माणसांच्या खान्यात टाकतो. त्या खान्यातून बाहेर काढणं फार अवघड असतं.

आणि हे आता मंडळापुरतं राहिलं नव्हतं. बोम्मेवार माझं बोलणं रेकॉर्ड करून पिवळ्या बाजूच्या घराघरांत पाठवत होता. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. ठेलेवाला म्हणाला, "सर, आज काय, पाल की सायकल?"

गार्गीचा दुसरा फोन आला.

"पालीचं कशाला सांगितलंत?"

"विषय निघाला."

"माझ्या पोरींनी होस्टेलमध्ये रबरी पाल आणलीय." ती हसत नव्हती. "बाबा, तुमचे लोक मला हसायला नको होते. मला त्यांची भीती हवी होती. तेवढ्यावरच सगळं आहे. कळतंय ना तुम्हाला?"

"थांबवतो."

"खरंच थांबवा."

त्या संध्याकाळी मी मंडळात जाऊन सांगितलं की मी आता बोलणार नाही. मला वाटलं होतं वाद होईल.

"काही हरकत नाही सर," बोम्मेवार प्रेमानं म्हणाला. "काम झालं." त्यानं कॅमेरा आमच्याकडं वळवला आणि गार्गीचं नाव घेतलं. पडद्यावर बाकांवरचे सगळे चेहरे शांत, फिकट निळे दिसत होते. एकच लालभडक होता. "फक्त तुमचा काही खाली येत नाही. आता तीन हजारांत एकानं काही बिघडत नाही म्हणा. पण उगाच कशाला? सामन्याच्या दिवशी गॅलरीतल्या खांबामागं बसाल का? तिथं कॅमेरा पोचत नाही."

मी हो म्हणालो.

*

मारबतीला आमचा बडग्या बिनमुंडक्याचाच निघाला. त्यानंतरच्या रविवारी, सामन्याच्या दिवशी, मी खांबामागं बसलो. खेळ मला दिसत नव्हता, पण आमच्या बाजूचे चेहरे दिसत होते. मध्यंतर झालं, दिवे मंद झाले, आणि फलकावर मंगेश आकरेचा फोटो आला.

तीन हजार माणसांनी आपापलं दुःख आठवलं. असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच रांगेतल्या एका धिप्पाड माणसानं डोळे मिटले होते आणि त्याचा खालचा ओठ थरथरत होता. एका बाईनं नवऱ्याचा हात धरला. प्रमिलाताई ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या काय आठवत होत्या ते मला कधी कळलं नाही. फलकावर एकाहत्तर उमटलं. समोरच्या जांभळ्या बाजूला कुजबुज झाली.

कर्नल थापलियालना अडतीस मिळाले.

मग गार्गी आली. फोटो जुना होता, केस मागं बांधलेले, मानेत शिटी. मी आमच्या लोकांकडं बघत राहिलो. घाबरा, असं मी मनात म्हणत होतो. देवा, यांना घाबरव.

ते हसत होते. नाटकी हसू नव्हतं ते. प्रवासाहून आलेलं माणूस दारात दिसल्यावर येतं, तसलं होतं. कोणीतरी हळूच म्हणालं, "आली बघ आपली." एका बाईनं लहान मुलीला खांद्यावर घेतलं आणि फलकाकडं बोट दाखवलं. धिप्पाड माणसानं डोळे पुसून नाक शिंकरलं आणि तोही हसला.

आकडा सहा आला.

यंत्रानं काही चूक केली नव्हती. मंगेशच्या वेळी ते फसलं होतं, पण गार्गीच्या वेळी त्यानं अगदी खरं तेच मोजलं होतं. त्या तीन हजारांत तिची भीती कोणालाच उरली नव्हती.

बोम्मेवार धावत खांबामागं आला आणि त्यानं मला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. "वाचली, सर. आपली पोरगी आपल्याशी वैर करायला गेली नाही."

"मग ती कुठं जाईल?" मी विचारलं.

"म्हणजे? आपल्याकडं घेऊ ना तिले."

"आपल्याकडं मागच्या वर्षीच पाच वर्षांसाठी प्रशिक्षक नेमलाय."

तो माझ्याकडं बघत राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस रोज तिच्याबद्दल ऐकून त्याला वाटू लागलं होतं की ती इथंच कुठंतरी आहे, आपल्यात आहे. "हो का," तो म्हणाला. "हो, खरंच की." त्यानं माझ्या पाठीवरचा हात काढला नाही, पण तो तिथं नुसताच राहिला.

*

मी पलीकडं निघालो. आयुष्यात कधी मैदानाच्या त्या बाजूला गेलो नव्हतो. अंगात पिवळा सदरा होता.

"काय आजोबा, वाट चुकले का?" जांभळ्या टोपीतला एक जण म्हणाला. "हे मुक्कावार आहे. रडायची सोय तिकडं."

"नाही, इकडंच यायचं होतं," मी म्हणालो.

"अबे थांब," माझा आवाज ऐकून दुसरा म्हणाला. "हे तर ते पालवाले सर. सर, मी ऐकलं तुमचं. माझी आई रोज लावते. कोणाकडं जायचं तुम्हाले?"

मी अध्यक्षांचं नाव सांगितलं. पालवाले सर आलेत असं सांगत त्या मुलांनी मला धरून धरून पुढं नेलं. डॉ. वृंदा मुक्कावार पहिल्या रांगेत उभ्या होत्या, आजूबाजूला समितीचे लोक होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझ्या सदऱ्याकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, आणि पटकन हात वर केला.

"सर, थांबा. काही बोलू नका."

जन्मभर कोणी थांबा म्हटलं की मी थांबलो होतो. त्या दिवशी थांबलो नाही. मला वाटलं, आता गमावण्यासारखं काय राहिलंय.

"मी गार्गी उमाठेचा बाप," मी म्हणालो. "हा आकडा खरा नाही. म्हणजे खरा आहे, पण तो घडवलेला आहे."

"सर, कृपा करून—"

मी सगळं सांगितलं. बाक, कॅमेरा, खांबावरचा पोरगा, मंगेशच्या नावानं आठवलेली दुःखं, माझं रोजचं बोलणं. सुरुवातीला ती सगळ्यांत भयंकर होती, हेही सांगितलं. सत्त्याहत्तर होती हो ती, मी म्हणालो, तुम्ही विचारा कोणालाही. माझा आवाज वाढला होता. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. समितीतल्या एका गृहस्थांनी नजर खाली वळवली, दुसऱ्या बाईंनी पदर सावरला.

माझं संपलं तेव्हा डॉ. मुक्कावारांनी डोळे मिटून घेतले होते.

"बोललात," त्या म्हणाल्या.

"खरं तेच बोललो."

"मला ठाऊक आहे, सर. तुमची रेकॉर्डिंग आमच्याकडंही आली होती. मी सगळी ऐकली. तुमच्या लोकांनी काय चालवलंय ते आम्हाला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. हा आकडा बाजूला ठेवायचं आमचं ठरलं होतं. सहा वाजता समितीची बैठक आहे. तुमच्या मुलीला बोलवायचं होतं."

मी समितीच्या लोकांकडं पाहिलं.

"आता तुम्ही आलात. समितीसमोर, इतक्या लोकांसमोर. मी तुम्हाला थांबवत होते, सर."

"नियम तुमचाच आहे," मी म्हणालो. "तुम्ही ठरवलंत तर—"

"मंगेश कोणाचा भाचा आहे ते साऱ्या गावाला माहीत आहे. त्या नियमानंच मी त्याच्या मामाला गप्प बसवलंय. तुमच्यासाठी तो मोडला तर उद्या तो मामा माझ्या दारात उभा." त्यांनी एका खुर्चीकडं हात केला. "बसा जरा. पाणी मागवते."

मी बसलो नाही. मला पिवळ्या बाजूला परत जायचं नव्हतं आणि जांभळ्या बाजूला थांबायचं नव्हतं. खेळ सुरू झाला होता. मी मधल्या दारातून बाहेर पडलो आणि मैदानाच्या भिंतीला टेकून, फोन हातात धरून उभा राहिलो. संध्याकाळी समितीनं कर्नल थापलियालची नेमणूक केली. त्याच्या आधी मी गार्गीला फोन करून सगळं सांगितलं होतं.

तिनं मला मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही स्वतः गेलात? त्यांच्या बाजूला?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

*

दोह्याला निघायच्या आधी ती घरी आली. खोलीत बॅग उघडी टाकून ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याशी ती रागानं वागली नव्हती. जेवताना आमटी वाढली, औषध घेतलं का विचारलं. त्यामुळे अधिक जड जात होतं.

स्वयंपाकघरात नलिनी मला म्हणाली, "सगळ्या नागपूरला सांगून झालं. आता तिला सांगा."

"काय सांगू?"

"ते मी कसं सांगणार? जा आत."

मी आत गेलो आणि दाराशी उभा राहिलो. गार्गीनं वर पाहिलं.

"तुमच्या रेकॉर्डिंग मी सगळ्या ऐकल्या," ती म्हणाली. "आधी चिडून ऐकल्या. नंतर पुन्हा ऐकल्या. तुम्ही खिडकीशी उभे राहायचात ते मला कुठं माहीत होतं? मला वाटायचं, बाबा आतमध्ये पुस्तकांत आहेत."



तिनं हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली. "एकदा माझ्यासमोर बोला ना. थोडंसंच. काहीही."

ती वाट बघत होती. माझ्याजवळ सांगायला पुष्कळ होतं. दुकानामागच्या त्या बाकांवर मी जे कधीच सांगितलं नव्हतं, तेही होतं. तिचा पहिला सामना, तेव्हा मी तिला न सांगता शेवटच्या रांगेत येऊन बसलो होतो. जाऊ नकोस, हे दोन शब्द होते. मी तोंड उघडलं.

"तिकडे उकाडा फार असेल," मी म्हणालो.

तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली.

"असतो," ती म्हणाली आणि उठून बॅगेची चेन लावू लागली. बॅग फार भरली होती, चेन पुढं सरकत नव्हती. मी जाऊन दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं, आणि ती लागेपर्यंत सोडलं नाही.